कापणाऱ्याचा वाटा

माझ्या मामाला आम्ही सगळी भाचरं पट्टीमामा म्हणतो. त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात घडीची पट्टी असते, लाकडी, पितळी बिजागऱ्यांची, आणि ती त्याने कुठे बाहेर काढावी याला काही धरबंध नाही. मला मुलगी झाली तेव्हा बाकीच्या नातेवाइकांनी पाळण्यात डोकावून नाक कुणाचं, हनुवटी कुणाची यावर वाद घातला. मामाने पाळणा मोजला आणि तो डाव्या बाजूला बोटभर उतरता आहे असं सांगितलं. तसा तो होताच.

धंद्याने तो काच कापतो. खिडक्यांच्या, आरशांच्या, फोटोच्या चौकटींच्या काचा. दुकान अरुंद आहे. मधोमध जाड कांबळं अंथरलेलं टेबल, भिंतींना टेकवून उभ्या ठेवलेल्या काचा, आणि हवेत कायम रॉकेलचा वास, कारण कटरचं चाक तो आधी रॉकेलमध्ये बुडवून घेतो. काचेवर रेघ एकदाच मारायची असते. हात डळमळला म्हणून त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा चाक फिरवलं की काच तिच्या मर्जीने फुटते. "मारली ती मारली," असं मामा म्हणतो, आणि हा बाणा त्याने काचेपुरता ठेवलेला नाही. त्याने एकदा नाही म्हटलं की ते काळ्या दगडावरची रेघ. म्हणूनच बहुधा तो हो किंवा नाही म्हणायला इतका वेळ लावतो.

वाटणी करायची म्हटलं की घरात मामाशिवाय पान हलत नाही. केक असो, कलिंगड असो, सुरी त्याच्याच हातात. हे लहानपणापासूनचं. चार भावंडांत तो थोरला. आई लवकर गेली, वडील कामावरून दमूनभागून यायचे आणि पावाची लादी टेबलावर ठेवून आडवे व्हायचे. मग लादीवर झटापट. शेवटी दादाने, म्हणजे मामाने, कायदा केला: मी कापणार, तुम्ही आधी उचलायचं, कापणारा शेवटी घेणार. भांडणं थांबली. माझी आई, त्याची पाठची बहीण, हे सांगताना दरवेळी पुढे एक वाक्य जोडायची, "आणि खरं सांगू का, दादाला लहानपणापासून भूकच कमी."

मामी गेली तेव्हा त्यांची मुलगी शाळेत होती. तिला सगळे बेबी म्हणतात. आता ती तिशीला आली, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवते, दुकानात तिच्या हाताखाली माणसं आहेत, तरी बेबी ती बेबीच. घरात दोघंच, बाप आणि लेक. तिच्याकडे भिंगं बनवायला एक बसड्रायव्हर आला. लांबचं दिसायला त्याला काही अडचण नव्हती, जवळचं धूसर दिसत होतं. चष्मा झाला, तरी तो येतच राहिला. काडी सैल झाली, नाकावर रुततो, पुसायचं फडकं हरवलं. वर्षभरात इतकी फडकी कुणाची हरवत नाहीत. पुढचं मला कुणी सांगायची गरज पडली नाही. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते आणि माणसांचे चेहरे वाचणं हा माझा पगारी उद्योग आहे. नसत्या चौकशा हा बिनपगारी.

ड्रायव्हर लहानपणी आईबरोबर इथिओपियातून या शहरात आला. त्याची आई एक रेस्टॉरंट चालवते, त्यांच्याकडच्या जेवणाचं. बेबीने हे सगळं मामाला एका दमात सांगितलं. मामाने कटर खाली ठेवला, हात पुसले आणि बराच वेळ टेबलावरच्या काचेकडे बघत राहिला.

"मला त्यांच्यातलं काही माहीत नाही," तो म्हणाला. "माहीत नसलेल्याला हो कसं म्हणू, आणि नाही तरी कसं म्हणू? माणूस जेवताना कळतो. एकदा जेवू त्यांच्याकडे. मग सांगतो."

बेबी त्याच संध्याकाळी माझ्याकडे आली. "ताई, तू चल बरोबर. बाबा तिथे मूग गिळून बसतील, मग माझं काय व्हायचं?" जराशाने म्हणाली, "ते नाही म्हणाले तर मी करणार नाही. त्यांना एकटं टाकून, त्यांच्या मनाविरुद्ध, नाही जमायचं मला."

मी अर्थातच तयार होते. भाचीचं कर्तव्य वगैरे ठीक, पण इथिओपियन जेवण मी कधी खाल्लं नव्हतं आणि त्यामुळे दोन रात्री मला धड झोप नव्हती.

रविवारी दुपारी आम्ही तिघं गेलो. जुन्या टायरच्या दुकानांच्या रांगेत शेवटचा गाळा. मामाने आधी दर्शनी काच पाहिली. खालच्या कोपऱ्यातून तडा वर गेला होता आणि त्यावर चिकटपट्टी होती. "चुकीची बसवलीय," तो पुटपुटला. "चौकटीत हलायला जागाच ठेवली नाही. फुटणार नाही तर काय." बेबीने माझ्याकडे बघून डोळे मिटले.

आत पाचसहाच टेबलं, तीही टेबलं म्हणावीत अशी नव्हतीच. गवताच्या रंगीत काड्यांनी विणलेल्या उंच टोपल्या, कमरेत बारीक, वर पसरट, आणि त्यांवर शंकूसारखी झाकणं. भोवती बुटकी स्टुलं. हवेत आंबट, तिखट आणि धुरकट असे तीन वास होते आणि कुठला कशाचा ते मला कळेना. ड्रायव्हर बसमध्ये बसावा तसा ताठ उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. तो म्हणाला, "काका, या. आई आत आहे."

मी थेट आत गेले. आगाऊपणा आहे, मान्य आहे. पण दार उघडं होतं.

त्याची आई ठेंगणी, रुंद खांद्यांची, डोक्याला पांढरं फडकं बांधलेलं. मोठ्या सपाट तव्यावर ती पातळ पीठ ओतत होती, कडेपासून सुरू करून गोल गोल मध्यापर्यंत, हात कुठेही न थांबवता. बघता बघता त्या पिठाला बारीक भोकं पडायला लागली, शेकड्यांनी. तिने झाकण ठेवलं.

"उलटत नाही?" मी विचारलं.

"नाही. एकच बाजू. हे डोळे." तिने भोकांकडे बोट केलं. "डोळे उघडले, की झालं."

त्याला इंजेरा म्हणतात. पीठ टेफ नावाच्या धान्याचं, मोहरीहून बारीक दाण्याचं, आणि ते काही दिवस आंबवतात. आंबट वास कशाचा तो उलगडा झाला. मग मी पातेल्यांची झाकणं उचलायला लागले तेव्हा तिने हसून मला खांद्याला धरून बाहेर आणून बसवलं.

ड्रायव्हर सुरई आणि तसराळं घेऊन आला. जेवायच्या जागीच हात धुवायचे. त्याने आधी मामाच्या हातांवर पाणी घातलं, बेताच्या धारेने, बोटं चोळून होईपर्यंत थांबून. मामाच्या बोटांवर काचेच्या जुन्या चिरांच्या खुणा आहेत. ड्रायव्हरने त्या पाहिल्या आणि काही विचारलं नाही. मामाने ते लक्षात घेतलं, हे माझ्या लक्षात आलं.

मग आई ताट घेऊन आली. ताट कसलं, छोट्या मुलाला त्यात आंघोळ घालता आली असती. त्यावर तो इंजेरा अंथरलेला, कडा बाहेर लोंबणाऱ्या, आणि वर जागोजागी ढीग: लाल मसुरीचं घट्ट कालवण, परतलेली हिरवी पालेभाजी, पिवळं काहीतरी, आणि मधोमध गडद लाल रश्श्यात कोंबडी आणि अख्खी उकडलेली अंडी. बाजूला आणखी इंजेराच्या गुंडाळ्या, हात पुसायच्या रुमालांसारख्या. मी खरंच एक उचलून मांडीवर पसरणार होते. बेबीने वेळेवर हात धरला.

"आईने सकाळपासून कोंबडीच केली," ड्रायव्हर म्हणाला. "कोंबडीचे बरोबर बारा तुकडे करतात आमच्याकडे. तेरा नाही, अकरा नाही."

मामा सरसावून बसला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याला ओळखीचं काही भेटलं होतं. "बारा? सगळे सारखे?"

आईने त्याच्याकडे बघितलं. "सारखे कसे? कोंबडी सारखी आहे का? कुठे मांडी, कुठे मान."

मामा यावर विचार करत राहिला. मग त्याने ताटाच्या भोवती पाहिलं, टोपलीच्या खाली पाहिलं. "ताटल्या?"

"हेच ताट," ड्रायव्हर म्हणाला.

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

मामा ताटावर वाकला. अंडी तीन आणि माणसं पाच, हे त्याने मोजलं तेव्हा त्याच्या कपाळावर आठी आली. ती आठी मी ओळखते. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवणार, तोच तो म्हणाला, "एक सुरी मिळेल?"

ड्रायव्हरला वाटलं, कोंबडी सोडवायला हवी असेल. त्याने आणून दिली. मामाने खिशातून पट्टी काढली, घड्या उलगडल्या, ताटावर धरून मध्य काढला आणि पट्टीच्या कडेने सुरी ओढली. एकदाच. मग ताट थोडं फिरवून दुसरी रेघ. मग तिसरी. पाच भाग पाडणं कठीण असतं, पण त्याचा हात काही थांबला नाही. ढिगांचेही भाग केले, सुरीच्या टोकाने इकडचं तिकडे सारलं, अंडी कापून नीट लावली. बेबी डोळे विस्फारून बघत होती. कापलेल्या रेघांमधून रस्सा खाली उतरला, ताटाच्या काठावरून ओघळला आणि त्या सुंदर विणलेल्या टोपलीवर लाल डाग पडला.

आईने पुढे केलेला हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. बाजूच्या टोपलीभोवतीची माणसंही वळून बघायला लागली.

"काका," ड्रायव्हर हळूच म्हणाला, "आमच्यात म्हणतात, एका ताटात जेवलेली माणसं एकमेकांना फसवत नाहीत. आणि ताट वेगळं केलं की..."

"की काय?"

"की माणसाला आपल्याबरोबर बसायचं नाही, असं समजतात."

मामाचा चेहरा उतरला. इतका उतरला की मला त्याचा रागही येईना. "अहो, तसं नाही," तो म्हणाला. "कुणाला कमी पडू नये, एवढंच. उगाच मागाहून कुणाला वाटायला नको." त्याने सुरी खाली ठेवली आणि ती सरळ रेषेत ठेवली. मग, दुसरं काय करावं ते न सुचल्यामुळे, त्याने नेहमीचं वाक्य म्हटलं. "घ्या. आधी तुम्ही. कापणारा शेवटी घेतो."

आम्ही मुकाट्याने आपापला भाग निवडला. ड्रायव्हरने, मी, बेबीने. बेबीच्या डोळ्यांत पाणी तरंगत होतं. माझी खात्री झाली की हे लग्न आता बारगळलं, आणि तेही एका सुरीपायी. आईने शेवटी समोरचा भाग दाखवला. उरला तो मामाचा.

ती त्या उरलेल्या भागाकडे बघत होती. "तुमचा लहान आहे," ती म्हणाली.

"नाही हो. सारखेच आहेत."

"लहान."

"मी चाळीस वर्षं हेच करतोय," मामा म्हणाला, जरा दुखावून.

तिने ताटाशेजारी पडलेली पट्टी उचलली, आधी स्वतःच्या भागाच्या कडेवर धरली आणि रुंदीवर अंगठा ठेवला. मग तीच पट्टी, तसाच अंगठा, मामाच्या भागावर. अंगठा दोन बोटं बाहेर राहिला. अंड्याचाही सगळ्यात बारका तुकडा तिकडेच होता.

मामाचे कान लाल झाले. चोरी पकडल्यावर माणूस होतो तसा तो झाला, नजर खाली, हात मांडीखाली. त्याने जन्मभर आमच्यासमोर कापलं, आणि आमच्यापैकी कुणी, कधी, त्याचा तुकडा मोजला नव्हता. आम्हाला आमचा मिळालेला असायचा. मला माझ्या आईचं वाक्य आठवलं, दादाला भूकच कमी. आई आता नाही, नाहीतर त्या क्षणी मी तिला फोन केला असता.

ड्रायव्हरच्या आईने स्वतःच्या भागातला इंजेरा तोडला, चांगला तळहाताएवढा. त्यात कोंबडी गुंडाळली, अर्धं अंडं कोंबलं, वर पालेभाजी, आणि तो घास मामाच्या तोंडासमोर धरला.

मामा मागे सरकला. "नको, नको. तुमच्या वाट्यातलं नको."

"वाटा नाही," ती म्हणाली. "घास."

"हा गुर्शा," ड्रायव्हर समजावू लागला. "आपल्या हाताने दुसऱ्याला भरवायचं. आपल्या माणसाला. नाही म्हणायचं नसतं, काका." मग जरा चाचरत म्हणाला, "आणि एकावर थांबायचंही नसतं. एकावर थांबलं तर भांडण लागतं म्हणतात. दोनावर थांबलं तर माणसं दुरावतात. तिसरा घास जवळ आणतो."

तिचा हात तसाच होता. रस्सा तिच्या मनगटावरून ओघळत होता आणि ती तो पुसत नव्हती.

दवाखान्यात मी रोज बघते, मोठ्या माणसाला दुसऱ्यासमोर तोंड उघडायला किती जड जातं. पोरं रडतात तरी, मोठी माणसं नुसते ओठ आवळून बसतात. मामा तसाच बसला होता. मग त्याने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

घास प्रचंड होता. त्याचे दोन्ही गाल भरले, मिशीला रस्सा लागला. तो चावत राहिला, गिळलं, आणि तोवर दुसरा समोर आला. या वेळी त्याने मागे सरकण्याचा प्रयत्नही केला नाही. दुसरा घास चावता चावता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"तिखट आहे," तो म्हणाला आणि उठून हात धुवायला म्हणून निघून गेला.

बराच वेळ तो आला नाही. आईने आम्हाला खायची खूण केली. मी खाल्लं. खोटं कशाला बोलू, त्या परिस्थितीतही मी मन लावून खाल्लं. तो आंबट इंजेरा आधी जिभेला परका वाटतो, मग त्या तिखट रश्श्याला धरून येतो आणि मग थांबवत नाही. थोड्या वेळाने मामाने मारलेल्या रेघा रश्श्यात कुठे गेल्या ते कळेनासं झालं. बेबीच्या घशाखाली मात्र काही उतरत नव्हतं.

"बाबा गेले का?" ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. मामा दर्शनी काचेपाशी उकिडवा बसला होता. पट्टी ताटाशेजारीच राहिली होती, म्हणून तो तडा वितीने मोजत होता. एकदा मोजला, मग पुन्हा मोजला. त्याला दुसऱ्यांदा मोजताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तो परत आला तेव्हा आईने त्याचा भाग त्याच्याकडे फिरवला. "खा."

"झालं माझं," मामा म्हणाला. "मला भूक नाही फारशी."

बेबीने माझ्याकडे बघितलं. आईनेही त्याच्याकडे नीट बघितलं, पण आग्रह केला नाही. शंकूचं झाकण उचलून ताटावर ठेवलं आणि कॉफीच्या तयारीला लागली. एरवी मी त्या कॉफीवर तासभर बोलले असते. हिरवे दाणे आमच्यासमोरच तव्यावर भाजले, काळे होऊन तडतडले, आणि तिने तो तवा आमच्या नाकांसमोरून एकेक करून फिरवला, धूर हाताने आमच्याकडे ढकलत. धुरकट वासही उलगडला. मग काळ्या मातीच्या लांब मानेच्या भांड्यातून, उंचावरून, बारीक धारेने इवल्याशा कपांत. मामाने कॉफी घेतली, चांगली आहे म्हणाला, काचेबद्दल दोन शब्द बोलला. जे बोलायला आलो होतो त्याबद्दल अवाक्षर नाही. बेबी ओढणीचा धागा काढत बसली होती. ड्रायव्हर उगीचच कप गोळा करत होता. दोन घास झाले होते, आणि दोनावर काय होतं ते आम्हा सगळ्यांना त्यानेच सांगून ठेवलं होतं.

आम्ही निघालो. पट्टी मामाच्या खिशात गेली. आईने बेबीचे दोन्ही गाल धरले, माझेही धरले, मामाला मान लववली. ड्रायव्हरने दार उघडून धरलं. बेबी बाहेर पडली, मी बाहेर पडले.

मामा उंबऱ्यात थांबला. वळला. त्याने घसा साफ केला आणि पायातल्या बुटांकडे बघत बोलला, इतक्या हळू की ड्रायव्हरला पुढे वाकावं लागलं.

"तिसरा राहिला."

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. आधी उमगलं ते आईला. ती टोपलीपाशी गेली आणि झाकण उचललं. बाहेर फुटपाथवर बेबीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आणि आमचा पट्टीमामा, ज्याने आयुष्यात कुणाकडे कधी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं, तो त्या उघड्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, तोंड उघडून उभा राहिला.